संताप ठराव

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला नागेंद्र शिपाई स्कूटीवरनं तानीबाईच्या दारात उतरला आणि तिथंच घुटमळला. म्हातारी कट्ट्यावर बसलेली. यावेळी ती मागं परड्यात असंल असं त्याला वाटलं होतं. त्यानं हातातली वही हळूच पाठीमागं नेली.

"काय रं नागेंद्र, पाठ खाजवालीया व्हय?"

"न्हाय आक्का."

"मग हात कशाला मागं गेलाय?"

"आसंच की. मॅडम हायत काय घरात?"

"हाय की. आवरायलीया. अकराला मीटिंग हाय न्हवं तुमची?"

नागेंद्रनं स्कूटीच्या आरशात स्वतःचं तोंड बघितलं. "व्हय. हाय म्हणायची."

मॅडम म्हणजे रचना, तानीबाईची सून आणि आमच्या सोनगट्टी ग्रामपंचायतीची अध्यक्ष. पाठीमागं लपवलेली ती पंचायतीची ठरावाची वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. तानीबाईनं ती अंधारात नुसती हाताळून ओळखली असती. तिची तीस वर्षं ह्या वहीपायी गेली. निपाणीपासनं चिकोडीपर्यंतच्या गावांतल्या जुन्या मेंबर बायका अजून तिला सहीआक्का म्हणतात. तिचं सगळं राजकारण एका ओळीत मावतं: घरात सही करायची न्हाय. वही ऑफिसात, मीटिंग ऑफिसात, सही ऑफिसात.

आणि आज वही तिच्याच दारात आलेली, तिच्याच सुनेच्या सहीसाठी. रचना घरात सही करती का उठून ऑफिसात जाती, एवढंच त्या सकाळी ठरायचं होतं.

ही ओळ तानीबाईकडं आली कुठनं, ते सांगायला मागं जावं लागतं.

त्र्याण्णव साली पंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या गावात एक जागा एस्सी बाईला राखीव पडली. गावचा पाटील कलगोंडा. तंबाखूचं गोडाऊन त्याचं, आणि त्या गोडाऊनात तानीबाईचा नवरा मायाप्पा हमाल. पाटलानं मायाप्पाला बोलावलं आणि "तुझ्या बायकोचं नाव घालतो" म्हणून सांगितलं. बायकोला कुणी विचारलं न्हाई. ती विड्या वळत बसली होती, तेव्हा शेजारची अंबुबाई येऊन म्हणाली, "तानी, तू मेंबर झालीस की गं. बिनविरोध."

"मेंबरनं काय करायचं असतंय?" तिनं रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं.

"काय न्हाय. वही आली की सही करायची."

तिसरीपर्यंत शाळा झालेली, नाव मराठीत लिहिता यायचं. महिन्याला नागेंद्र वही घेऊन यायचा. तवा तो नुकताच नोकरीला लागला होता. बोट ठेवून म्हणायचा, "इल्लि सही माडरी." हितं सही करा. तानीबाई मांडीवरचं सूप बाजूला सारायची, तंबाखूची बोटं पदराला पुसायची आणि सही करायची. दोन्ही भाषांत सहीला सहीच म्हणतात, तेवढं कन्नड तिला समजायचं. बाकी पानभर मुंग्या.

चौथ्या खेपेला तिनं विचारलं, "नागेंद्र, मीटिंग कवा असती रं?"

"झाली की आक्का."

"कुठं झाली?"

"कुठं म्हंजे? मघाशी पाटलांच्या तारामती काकूंच्या सोप्यात झाली, आता तुमच्या दारात झाली. वरच्या गल्लीत ऱ्हायलीया थोडी."

ती पोट धरून हसली. पण ते डोक्यात राहिलं. पुढच्या महिन्यात वही आल्यावर सूप काय हललं न्हाई. "ऑफिसात ठेव जा. मी येते," म्हणाली.

आणि गेली, सूप घेऊनच. दिवसाला हजार विड्यांचा कोटा, मीटिंगपायी कसा बुडवणार? ऑफिसात पुरुषांना खुर्च्या. बायका कधी आल्याच तर त्यांना दाराशी पोतं अंथरायचं. आणि हिच्या जातीला पोतंबी न्हाई, बाहेर वऱ्हांडा. ती उंबऱ्यावर बसली, निम्मी आत निम्मी बाहेर, आणि पानं कातरायला लागली.

"तानीबाई, हितं विड्या वळायच्या न्हाईत," कलगोंडा पाटील म्हणाला.

"मग लवकर संपवा की मीटिंग आण्णा. मी तर कुठं गाणी म्हणायलीया?"

दुसऱ्या महिन्यात ती गेली तर उंबऱ्याच्या आतल्या अंगाला एक लोखंडी घडीची खुर्ची. पाठीवर लाल रंगात 'क. आ. पाटील'. कलगोंडाच्या घरातली खुर्ची. धाडली होती त्याच्या बायकोनं, तारामतीनं. तीबी मेंबर होती, पण तिची मीटिंग सोप्यातच व्हायची. सगळ्यांच्या देखत 'माझ्या बायकोनं हिला खुर्ची धाडली' असं पाटील कसं म्हणणार? तो छपराकडं बघत बसला. तानीबाई खुर्चीवर बसली. आमच्या भागात तिच्याआधी तिच्या जातीची बाई पंचायतीत खुर्चीवर बसलेली कुणी बघितली न्हवती. तारामती स्वतः शेवटपर्यंत मीटिंगला आली न्हाई. त्यावर कुणी बोललं की तानीबाई म्हणायची, "तिनं खुर्ची धाडली. तू काय धाडलंस?"

तीन वर्षांत तिनं एकच काम धरून ठेवलं. गावच्या बायका निपाणी रस्त्याच्या कडंला बसायच्या. गाडीचा उजेड आला की उठायचं, गाडी गेली की परत बसायचं. गोडाऊनच्या मागं पंचायतीची सहा गुंठे मोकळी जागा होती. तिथं बायकांचे संडास बांधायचे. भांडून, रुसून, चिकोडीला हेलपाटे घालून तिनं ते मंजुरीपर्यंत आणलं. जागेचा ठराव तेवढा वहीत चढायचा राहिला.

त्या महिन्यात मायाप्पा गेला. वीस वर्षं तंबाखूचा खकाणा छातीत साठलेला. आठ दिवस खोकला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी नागेंद्र दारात आला. चपला काढून, मान खाली घालून बसला. वही मांडीवर.

"आक्का, संताप ठराव हाय."

"कुणाचा संताप?"

"संताप म्हंजे कन्नडात दुःख. मायाप्पाण्णा गेले न्हवं, त्येचा. पंचायतीनं वहीत घेतलाय. इल्लि सही माडरी."

हमालाचं नाव पंचायतीच्या वहीत. तिनं मुंग्यांवर बोट फिरवलं. "ह्यात मायाप्पा कुठं हाय रं?"

नागेंद्रनं दाखवला. ती त्या अक्षरांकडं बराच वेळ बघत राहिली. मग बोटं पदराला पुसली आणि घरात बसून सही केली.

संताप ठरावाच्या खाली, सहीच्या वर, आणखी एक ठराव होता. गोडाऊनच्या मागची सहा गुंठे तंबाखूच्या गाड्यांना वळायला द्यायची. बायकांच्या संडासाचं पुढं सोयीनं बघायचं. तिथं गाड्या वळायला लागल्या तवा ते तिला कळलं.

नागेंद्र आजबी शपथ घेऊन सांगतो, मला म्हाईत न्हवतं. त्याला कन्नड वाचता येतं. तानीबाईनं त्याला ते परत कधी विचारलं न्हाई.

घराघरांत संडास यायला पुढं अकरा वर्षं लागली. तोवर बायका रस्त्यालाच बसायच्या, उजेड आला की उठायच्या. तानीबाईला कुणी एक शब्द बोललं न्हाई. तीबी त्यांच्यातच जाऊन बसायची. नवऱ्यासाठी ती रडली न्हाई आणि पाटलाच्या दारात जाऊन ओरडलीबी न्हाई. मराठीतला संताप आला न्हाई, कन्नडातला तर त्याच्याआधीच वहीत चढून गेला होता. विड्यांचं तोंड बंद करून करून तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं आधीच बधिर झालेली, सुई टोचली तरी कळायचं न्हाई. तसंच काहीतरी आतपर्यंत गेलं म्हणायचं.

मग ती फिरायला लागली. बाजारच्या दिवशी मिळंल त्या गाडीनं, न्हाईतर चालत. गावात बाई मेंबर कोण ते विचारायचं आणि तिच्या सोप्यात जाऊन बसायचं. नवरे म्हणायचे, आली घर फोडायला. एका गावात एकानं पाण्याची बादली अंगावर ओतली. "ऊनच हाय, वाळतंय," म्हणून ही ओल्या लुगड्यानं त्याच्याच बायकोशी बोलत बसली. चिकोडीला मेंबर बायकांचं शिबिर झालं. बेळगावच्या साहेबांनी दोन तास कन्नडात कायदा सांगितला. शेवटी हिला उभं केलं.

"माझ्या नवऱ्याच्या मरणाच्या कागदाखाली मी जागा दिली," ती म्हणाली. "आमच्या बायका रस्त्याला बसत्यात, ती माझी सही हाय. घरात सही करू नका. बास."

आणि खाली बसली. एवढंच भाषण ती जन्मभर करत आली, एक शब्द वाढवला न्हाई, एक कमी केला न्हाई.

पुढं एका खेपेला अध्यक्षपद एस्सी बाईला राखीव पडलं, तेव्हा ती अध्यक्ष झाली. पहिल्याच दिवशी ठरावाची वही कपाटात कुलपात घातली आणि किल्ली कमरेला. ती खुर्चीवर होती तोवर वही ऑफिसाच्या बाहेर गेली न्हाई. ज्या बायकांना सही करायची होती त्या आल्या, आधी चिडून, मग सवयीनं. तालुका पंचायतीलाबी ती उभी राहिली. पडली. तिच्या स्वतःच्या गल्लीनं मतं दिली न्हाईत. दुसऱ्या दिवशी सूप मांडीवर. बेळगावहून खडेबाजारातल्या कुठल्याशा साप्ताहिकाचा माणूस आला आणि त्यानं विचारलं, तुमची प्रेरणा कोण? "नागेंद्र शिपाई," म्हणाली. ते त्यानं छापलं न्हाई.

तर आता सोमवारची सकाळ.

पोरगा भीमरत्न रजा काढून घरात थांबलेला. तो मास्तर, शाळा अथणीच्या पलीकडं. पहाटे पाचला निघायचं, रात्री आठला यायचं. सहा वर्षं बदली मागतोय. रचना बी.ए. बी.एड. झालेली, कन्नड लिहिती, वाचती, बोलती. अध्यक्ष झाल्यापासनं एक मीटिंग चुकवली न्हाई, एक सही घरात केली न्हाई. तंबाखूचा धंदा बसला तसं पाटलाचं गोडाऊनबी बसलं, पत्रे उडाले, आणि ती सहा गुंठे परत मोकळी झाली. तिथं पोरींसाठी अभ्यासिका बांधायची असं रचनानं ग्रामसभेत माईकवर सांगितलं होतं. तानीबाई पहिल्या रांगेत होती. टाळ्या वाजवल्या, तरी बोटांना काय कळलं न्हाई.

रविवारी सन्मती येऊन गेला. कलगोंडा पाटलाचा पोरगा. बाप जाऊन लई वर्षं झाली. आई, तारामती, परवाच गेली. तो पोहे खाऊन गेला. भीमरत्नच्या बदलीविषयी चांगलं बोलला, बेळगावला आपल्या ओळखी हायत म्हणाला. गाळे बांधायचा विचार हाय, हेबी सहज बोलला. जागा कुठली ते बोलला न्हाई. बोलायची गरज न्हवती.

रचना बाहेर आली. साडी ऑफिसला जायची, खांद्याला पर्स. दारात नागेंद्र, कट्ट्यावर सासू. ती उंबऱ्यावर थांबली, बरोबर निम्मी आत निम्मी बाहेर.

"आये, नुसती फॉर्म्यालिटी हाय गं," भीमरत्न आतनं म्हणाला.

"मी काय बोलले?"

"बोलली न्हाईस. बघायलीस की."

"डोळं हायत, बघतंय माणूस." तानीबाई जरा सरकली आणि कट्ट्यावर जागा केली. "बस गं रचना. वाच काय हाय ते."

रचना बसली. नागेंद्रनं वही दिली. तिनं पान उघडलं आणि कन्नड डोळ्यांनी वाचत मराठीत सांगायला लागली. आवाज शाळेत धडा वाचताना असतो तसा, स्वच्छ.

"ठराव एक. संताप ठराव. माजी सदस्या तारामती कलगोंडा पाटील यांच्या निधनाबद्दल ही सभा दुःख व्यक्त करते."

"बरं केलं," तानीबाई म्हणाली. "पुढं?"

"ठराव दोन." रचना थांबली न्हाई. "गोडाऊनमागची सहा गुंठे जागा तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं श्री. सन्मती कलगोंडा पाटील यांना गाळ्यांसाठी देणे. सर्वानुमते मंजूर."

समोरच्या दारात कोंबड्या उकरत होत्या. नागेंद्र त्यांच्याकडं बघत होता.

"समजलं काय आत्ती?"

"समजलं. तुला समजलं न्हवं?"

"व्हय."

"मला वाचता येत न्हवतं," तानीबाई म्हणाली.

"व्हय आत्ती."

रचनानं पर्समधला पेन काढला, परत आत ठेवला, परत काढला. "आत्ती, हे पहाटे पाचला जात्यात. पोरगी बापाला रविवारीच बघती. सहा वर्षं. मी काय करू सांगा."

"मी काय सांगू? मी तुला कायम एकच सांगितलंय."

"ते मला पाठ हाय."

"मग झालं की."

नागेंद्रनं सवयीनं बोट ठेवलं, पण तोंडातनं शब्द काढला न्हाई. रचनानं सही केली. कन्नडात, वळणदार, खाली तारीख. हजेरीच्या पानावर एक, ठरावाखाली एक. पर्समधनं शिक्का काढून तो मारला, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. वही मिटून दिली आणि आत जाऊन साडी बदलली. भांड्यांचा आवाज सुरू झाला.

भीमरत्न दारात आला. "आये, राग आला काय?"

तानीबाईनं खरंच बघितलं, आत कुठं काय लागतंय काय. "न्हाय रं," म्हणाली. आणि ते खरं होतं.

मग ती उठली, तोंड धुतलं, चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"मीटिंगला."

"अगं, झाली की मीटिंग."

"व्हय. बसून येते."

ऑफिस उघडं होतं. पीडीओ, म्हणजे पंचायतीचे सरकारी अधिकारी, त्यांच्याकडं दोन पंचायतींचा भार, आज ते दुसरीकडं. नवी फरशी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या. कोपऱ्यात ती लोखंडी घडीची खुर्ची, तिच्यावर जुन्या फायलींचा गठ्ठा. पाठीवरचा रंग उडून नुसता 'पाटी' राहिलेला. तानीबाईनं फायली एकेक करून खाली ठेवल्या आणि बसली. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. कुणी आलं न्हाई. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे, हे तिला तिच्या वेळेपासनं म्हाईत होतं.

साडेबाराला नागेंद्र आला, सगळ्या सह्या गोळा करून. दारातच थबकला, सकाळसारखा.

"आक्का! कशाला बसलासा?"

"अकराला मीटिंग हाय न्हवं?"

"झाली की."

"कुठं झाली?"

नागेंद्र आत आला. वही कपाटात ठेवली. बाहेर जाऊन टपरीवरनं दोन चहा घेऊन आला. काचेचा गिलास, काठोकाठ, वाफा निघालेल्या. तिनं तो मुठीत धरला.

"आक्का, भाजंल. कडंला धरा."

"कळत न्हाय रं मला." चहा पिऊन झाला. "नागेंद्र, ती दुसरी वही कुठाय? येणाऱ्याजाणाऱ्यांची?"

"भेटवही? हाय की टेबलावर."

"मग मी आलीया न्हवं? घे ल्हिवून."

नियम तसा आहे. ऑफिसात कुणी आलं की भेटवहीत नाव चढलं पाहिजे. नागेंद्र चष्मा लावून बसला. बोलत बोलत लिहायला लागला. "तानीबाई मायाप्पा कांबळे. गाव सोनगट्टी. वेळ, दहा पंचावन्न घालतो. कारण... कारण काय घालू?"

"संताप."

पेन थांबला. नागेंद्रनं चष्म्यावरनं बघितलं. "कुठला घालू आक्का? मराठी का कन्नड?"

"तुला कुठला ल्हिवता येतोय?"

"मला कन्नडच येतंय."

"मग त्योच घाल."

त्यानं लिहिलं, वही तिच्याकडं फिरवली आणि तीस वर्षांची सवय, तोंडातनं आपसुक निघालं, "इल्लि सही माडरी."

तानीबाईनं उजव्या हाताची बोटं पदराला पुसली. त्यांना तंबाखू लागायची बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. मराठीत सही केली, तिसरीतल्या पोरीसारखी, एकेक अक्षर सुटं. त्या दिवशी ऑफिसात बसून झालेली सही तेवढीच.

मग खाली ठेवलेल्या फायली उचलून होत्या तशा खुर्चीवर रचल्या, आणि जेवायची वेळ झाली म्हणून घरी गेली.